तेजल रोकडेचा सातवा छर्रा

आमच्या नेमबाजीच्या रेंजची तेजल रोकडे कंपनीच्या अकरा शाखांत मुलींमध्ये पहिली आली आणि पुण्याच्या निवड शिबिरासाठी तिची निवड झाली.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही तसंच समजलो होतो. टपालानं आलेलं पत्र मी फ्रिजवर ठेवलं, त्याच्यावर मिठाचा डबा ठेवला आणि पत्र आलंच नाही असं धरून पंधरा दिवस व्यवस्थित जेवलो. सोळाव्या दिवशी, सोमवारी दुपारी साडेतीनला, रणपिसे मॅडम आमच्या शेडसमोर रिक्षातून उतरल्या.

रणपिसे मॅडम म्हणजे कंपनीच्या मुख्य प्रशिक्षक. पन्नाशीच्या, आखूड केस, पायात पांढरे बूट. आयुष्यभर नेम धरून धरून त्यांचा डावा डोळा बोलतानाही किंचित मिटायचा. त्यामुळं त्या साधं "पाणी दे" म्हणाल्या तरी आपल्या छातीवर कुठंतरी काळा ठिपका काढलाय असं वाटायचं.

"सुयोग दिवटे तूच ना?"

"हो, मॅडम."

"तेजल कुठंय?"

"यायचीय. ती चारला येते."

हे मी इतक्या सहज बोललो, की माझं मलाच घड्याळाकडं बघावंसं वाटलं.

"मग थांबते," असं म्हणून त्या दोन नंबरच्या लेनमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागल्या.

"तिथं नको, मॅडम. तिथं ती—"

"ती काय?"

"ती सामान ठेवते."

मॅडमनी रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दुसरी खुर्ची ओढून घेतली. मी चहा ठेवायला मागं गेलो. चहा उकळेपर्यंत मी मनापासून विचार करत होतो, की तेजलला यायला आज उशीर का व्हावा.

आता हे सगळं कसं झालं ते सांगायला हवं.

आमच्या विट्यात घरोघरी यंत्रमाग. आमच्याही शेडमध्ये आठ होते. वडिलांनी ते एका दिवशी भंगारात काढले आणि आईला घेऊन पुण्याला थोरल्या भावाकडं गेले, नातवंडं सांभाळायला. मला शेड राहिली. आठ माग बंद झालेली शेड आतून कशी वाटते हे सांगणं अवघड आहे. जन्मल्यापासून कानात असलेला खडखडाट एकदम थांबतो आणि मग माणसाला स्वतःचं गिळणं ऐकू येतं.

त्याच महिन्यात सांगलीला एका हॉटेलात मिराशी साहेबांचं भाषण होतं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. विषय होता, इनडोअर शूटिंग रेंजच्या फ्रँचायझीला असलेला वाव. पडद्यावर आलेख वर वर चाललेला. साहेब म्हणाले, "जिम झाल्या, टर्फ झाले. पुढची लाट नेमबाजीची आहे. देशातल्या शंभरातल्या एका माणसाला जरी नेम धरावासा वाटला, तरी हिशेब करा! आणि लागतं काय? एक लांबट, अंधारी, बिनखांबाची जागा."

लांबट, अंधारी आणि बिनखांबाची. कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या परिस्थितीबद्दल चांगलं बोललं होतं. मी हात वर केला. विट्याची माणसं पन्नास हजार धरली, त्यातली शंभराला एक म्हणजे पाचशे झाली. पाचशे माणसं शेडमध्ये मावणार कशी, याची मला रात्रभर काळजी लागली.

उद्घाटनाला साठ जण आले. सगळ्यांनी रायफलीबरोबर फोटो काढले. फोटोत नेम लागला की नाही ते दिसत नाही, त्यामुळं परत यायचं त्यांना काही कारण उरलं नाही. पाचव्या महिन्यात आमच्या दारातून आत आलेली माणसं दोन. एक मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला, दुसरा त्याला शोधत आलेला.

कंपनीचा नियम असा, की दर महिन्याला किमान बारा सदस्यांची वापरलेली कार्डं पुण्याला पाठवायची. कार्ड म्हणजे जाड कागद, त्याच्यावर ओळीनं दहा काळे ठिपके. दहा मीटरवरून एकेका ठिपक्यावर एकेक छर्रा मारायचा, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, क्रमानं. खाली सदस्याचं नाव, तारीख आणि शाखेचा शेरा. लागोपाठ दोन महिने बारापेक्षा कमी भरले, की कंपनी रायफली परत नेणार आणि शाखा बंद.

माझ्याकडं सदस्य एकच होता, मी.

म्हणून मी कुरणे सरांचं कार्ड मारलं. कुरणे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते नेहमी थोडं खाली मारायचे, कारण वर काही मोडलं तर भरून कोण देणार, ही त्यांना धास्ती. मग दंतवैद्य गुळवणी आले. ते आठ छर्रे मारून निघून जायचे, दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसलेला असायचा. इंदुमतीकाकू नवऱ्याशी भांडून आल्या की त्यांचे सगळे छर्रे वर. एक जुळे भाऊ होते, त्यातला एक डावखुरा. हे सगळे मी घडवले, शेऱ्यात लिहिले आणि सगळ्यांच्या वतीनं मीच मारलं. खरं तर कंपनीला एवढं नको होतं. बारा कार्डं एकसारखी गेली असती तरी कुणी विचारलं नसतं. पण सकाळी दहाला शेड उघडल्यावर संध्याकाळी सहापर्यंत करायचं काय, याची स्लाइड मिराशी साहेबांकडं नव्हती.

तेजलला मी सगळ्यांत शेवटी घेतलं. बारावी जागा रिकामी होती. एकोणीस वर्षांची, वडील मागावर कामाला. सोमवारी आमच्याकडं बाजार असतो, माग बंद असतात, म्हणून ती सोमवारीच यायची, चार ते पाच. यापेक्षा जास्त मी तिच्याबद्दल ठरवलं नाही. कार्डं मात्र तिची फार चांगली जायची. का जायची ते मला ठाऊक नव्हतं.

तर, चार वाजले. मॅडमनी दाराकडं बघितलं. मीही बघितलं. चार वाजून पाच मिनिटांनी आम्ही परत बघितलं.

"रोज वेळेवर येते?"

"रोज नाही, सोमवारी. पण वेळेवर."

चार वाजून दहा मिनिटांनी दारात सावली पडली. मी दोन नंबरच्या लेनमधली खुर्ची झटकली, हे मी आजही कबूल करतो. आत आले ते बंडाआप्पा म्हेत्रे.

आप्पा शेजारच्या शेडचे मालक. माग बंद ठेवून माणसानं करायचं काय हे त्यांना साठ वर्षांत सापडलं नव्हतं, म्हणून सोमवारी ते गल्लीभर डोकावत फिरायचे.

"काय सुयोगराव, आज गिऱ्हाईक? आन ते बी खुर्चीवर बसल्यालं?"

"आप्पा, पुण्याच्या मॅडम आहेत. कंपनीच्या."

"आसं व्हय! नमस्कार ओ मॅडम. पोरगं लई गुणी हाय बघा. दिसभर एकटंच टपाटपा मारत—"

"आप्पा."

"म्हंजे एकटंच समदं सांभाळतंय म्हनायचं."

मॅडमचा डावा डोळा मिटला. "तुम्ही तेजल रोकडेला ओळखता?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं. आप्पा मनानं फार मोठा माणूस. शेजाऱ्याचं पोर बुडतंय म्हटल्यावर स्वतःला पोहता येतं का, हे ते बघत बसत नाहीत.

"तेजल? रोकड्याची? आवो वळखतो म्हंजे! ह्या मांडीवर वाढली. लगीन झालं की तिचं."



"कधी?" हे मीच विचारलं.

"आरं, गेल्या म्हैन्यात. तुला पत्रिका न्हाई आली व्हय? तासगावला दिली. द्राक्षाची बाग हाय सा एकर. पोरगं निर्व्यसनी."

"गेल्या सोमवारचं कार्ड आहे तिचं माझ्याकडं," मॅडम म्हणाल्या.

"मग मांडवपरतणीला आली आसंल माहेरी," आप्पा क्षणभरही अडले नाहीत. "पोरीला नाद सुटंना, त्येला कोन काय करनार?"

"आणि आज?"

"आज कशाची येतिया आता! सासू लई कडक हाय."

एवढं बोलून आप्पांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि निघाले. दारातून वळून त्यांनी मला डोळाही मारला. आपण एका पोराचा धंदा वाचवला या समाधानानं त्यांची चाल हलकी झाली होती. मी मात्र तिथंच उभा होतो. सहा एकर द्राक्षबाग म्हणजे स्थळ वाईट नव्हतं. पण निदान मला सांगायला हवं होतं.

मॅडमनी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला आणि रबर सोडवून एकेक कार्ड टेबलावर मांडायला लागल्या.

"सुयोग, मी मूर्ख दिसते का?"

"नाही, मॅडम."

"अकरा शाखा आहेत. त्यातल्या आठ शाखांतली कार्डं पेन्सिलीनं भोसकलेली असतात. छर्रा कागद कापतो, भोक गोल पडतं. पेन्सिल कागद फाडते. हे मला हात लावल्यावर कळतं. मी कळलं नाही असं दाखवते, कारण कळलं म्हटलं तर मिराशींना सांगावं लागेल, की तुमचा धंदा नेमबाजीवर चाललेला नाही, रिकाम्या शेडा असलेल्या पोरांवर चाललाय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू एकट्यानं बसून खरी मारलीस."

"उभं राहून," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. माझ्या बोलण्यावर लोक सहसा हसतात, म्हणून तर मी बोलतो. "हे तुझे मुख्याध्यापक. हे दंतवैद्य. ही भांडून येणारी बाई. हे तुझं स्वतःचं. आता सातवा ठिपका बघ."

मी बघितला. कुरणे सरांचे सगळे छर्रे खाली, पण सातवा उजवीकडं. काकूंचे सगळे वर, सातवा उजवीकडं. दंतवैद्यांनी आठच मारलेले, त्यातलाही सातवा उजवीकडं. माझ्यासकट अकरा माणसं मी एवढ्या निगुतीनं वेगळी केली होती आणि सातव्या ठिपक्यावर ती सगळी एका घरातली निघाली.

"रायफलीवरची नेम धरायची साइट हलली असेल," मी म्हणालो.

मॅडमनी साइट तपासली, पंखा बघितला, ट्यूबलाइट बघितली. "मार," त्या म्हणाल्या.

मी रायफल घेतली. एक, दोन, तीन. मॅडम माझ्या बाजूला उभ्या होत्या. सहा झाले. सातवा मारला आणि लक्षात आलं, की त्या कार्डाकडं बघतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"उजवीकडं काय आहे?"

"दार."

"दारात काय आहे?"

"काही नाही."

"मग चाप ओढताना डोळा तिकडं कशाला जातो?"

मी रायफल खाली ठेवली. "सहा होईपर्यंत दम निघतो, मॅडम. सातव्याला वाटतं, आलं कुणीतरी."

"येतं?"

"एकदा मीटरवाला आला होता."

  मॅडमनी गठ्ठ्यातली शेवटची चार कार्डं माझ्यापुढं सरकवली. चारही तेजलची. चारही कार्डांवर सातवं भोक ठिपक्याच्या बरोबर मध्यभागी.

"हात तोच, रायफल तीच, दार तेच. मग हिचा का नाही जात उजवीकडं?"

हे उत्तर मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मीही ते पहिल्यांदाच ऐकलं.

"तिच्या वेळी दाराकडं बघायचं कारण नसायचं. ती आलेली असायची."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बाहेर रस्त्याकडं बघत एकदम कामाचं बोलायला लागल्या.

"ऐक. नावं टाइप करताना चुका होतात. तेजल रोकडेच्या जागी सुयोग दिवटे. यादी मुलींची होती ती मुलांची होईल, गुण तेच राहतील. मुलांतही त्या गुणांना जागा आहे. मिराशींना दोन्ही नावं सारखीच अनोळखी. मी करून घेते. पण मला असलं एक कार्ड इथं, माझ्या डोळ्यांसमोर हवं. तिच्या नावानं मार. सातवा मध्ये बसला, तर परवाच्या गाडीनं पुण्याला ये. सहा महिने राहायचं."

"तिथं कोण असतं?"

"वीस जण आहेत. खरे. एका खोलीत चौघं झोपतात. घोरतात, भांडतात, विचारल्याशिवाय एकमेकांचे टॉवेल वापरतात."

टॉवेल ऐकल्यावर ते सगळं मला इतकं हवंसं वाटलं, की मी पटकन नवीन कार्ड घेतलं. खाली नाव लिहायला लागलो आणि हात 'कु.'वर अडला. लग्न होऊन महिना झाला होता. मी 'सौ.' लिहिलं. मॅडमनी वाचलं आणि रायफल माझ्याकडं सरकवली.

पहिला मध्यात. दुसरा मध्यात. मी दोन नंबरच्या लेनकडं पाठ ठेवून उभा होतो, नेहमीसारखा. तिसरा, चौथा, पाचवा. हात दगडासारखा स्थिर. एवढं चांगलं मी कधीच मारलं नव्हतं. सहावा तर पहिल्याच्या भोकातून गेला म्हणावं इतका नेमका बसला असता, ठिपके वेगळे नसते तर. मी छर्रा भरला. श्वास अर्धा सोडला. काळा ठिपका साइटच्या गोलात येऊन थांबला.

मागं कुणीच नाही, हे मला मानेला कळलं.

ती तासगावला होती. सहा एकरांत कुठंतरी, डोक्यावर पदर, मागं कडक सासू. इथं यायला तिला कोण सोडणार? पण माहेर तर विट्यातच आहे, आणि आज सोमवार, आणि एसटी दर तासाला आहे.

मी दाराकडं बघितलं.

छर्रा सुटल्याचा आवाज झाला. मॅडम चालत टोकापर्यंत गेल्या आणि कार्ड काढून घेऊन आल्या. सातवा उजवीकडं होता. एरवीपेक्षाही जास्त, ठिपक्याच्या पार बाहेर.

"काय झालं?"

"सासरी गेली ना, मॅडम."

आता तरी त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कार्डाची नीट घडी घातली आणि गठ्ठ्यात न ठेवता आपल्या पर्समध्ये ठेवली.

"रायफली गुरुवारी टेम्पोत भरून दे," त्या म्हणाल्या. "आणि खोट्या कार्डांबद्दल लेखी दे, तुझ्या हस्ताक्षरात. शाखा बंद करायला कागद लागतो. शेवटी काही विनंती असली तर लिही. लोक लिहितात."

"मंजूर होते?"

"आजपर्यंत एकही नाही."

मग त्यांनी लगेच निघायला हवं होतं. पण त्या पाच वाजेपर्यंत बसल्या. कशासाठी ते मी विचारलं नाही. मध्ये एकदा त्यांनी मला विचारलं, जेवण कोण करतं, आणि मी म्हणालो, मीच. आणि एकदा मी त्यांना विचारलं, पुण्यात घरी कोण असतं, आणि त्या म्हणाल्या, बूट. पाचला त्या उठल्या, रिक्षा आली आणि गेली.

याला सहा वर्षं झाली. शेड आता आप्पांनी सुताची पोती ठेवायला घेतलीय. अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला होता, खाली कार्बन घालून. मूळ प्रत कंपनीकडं पोचल्याची पावती आहे, उत्तर नाही. कार्बनची प्रत अशी :

प्रति,
मा. व्यवस्थापक, शाखा विभाग, पुणे.

विषय : शाखा क्रमांक अकरा, विटा येथील सदस्यांबाबत कबुली व विनंती.

महोदय,

वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, सदर शाखेतील अकरा सदस्य प्रत्यक्षात नसून त्यांची सर्व कार्डे अर्जदाराने स्वतः मारलेली आहेत. पैकी दहा सदस्यांची नावे कमी करण्यास अर्जदाराची हरकत नाही. त्यांना तसे समक्ष सांगण्यात आले असून त्यांनीही तक्रार केलेली नाही. तथापि, सदस्या तेजल रोकडे यांचा विवाह श्री. बंडाआप्पा म्हेत्रे यांनी आज रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, वधूची अथवा अर्जदाराची संमती न घेता, परस्पर लावून दिलेला आहे. तरी सदर विवाह आपल्या स्तरावर रद्द करण्यात यावा. ते शक्य नसल्यास तासगाव येथील सासरच्या मंडळींस योग्य ते आदेश देऊन सदर सदस्येस दर सोमवारी चार ते पाच या वेळेत विट्यास येण्याची परवानगी देण्यात यावी. शाखा तोपर्यंत बंद झालेली असल्यास त्यांनी काही न मारता नुसते येऊन बसले तरी अर्जदाराची हरकत राहणार नाही, ही विनंती.